तोंडातली तार

आमच्या धाकटीशी बोलायचं तर तिच्या तोंडात तार नसताना बोलावं, नाहीतर निम्मं अंदाजानंच समजून घ्यावं लागायचं. आता ती स्वच्छ बोलते. जरा जास्तच बोलते. मधल्या काळात काय झालं ते सांगते.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, माझ्या धाकट्या दिरांची बायको. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर रस्त्याकडच्या खोलीत सासऱ्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. ॲम्प्लिफायर, स्पीकर, मिक्सर, जुने रेडिओ, पंख्याचे रेग्युलेटर, जे म्हणून बंद पडतं ते तिथे येतं. मागच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. दोन खोल्यांमध्ये दार आहे, पण ते लावलेलं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलेलं नाही. तिकडचा धूर इकडे येतो आणि इकडच्या चिंध्या तिकडे जातात. आमचे हे बाहेरगावी कामाला, दीर दिवसभर व्हॅन घेऊन फिरतीवर. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही चौघंच: सासू, सासरे आणि आम्ही दोघी जावा.

धाकटी या घरात आली तीच मुळी भांडत. वडिलांचा ॲम्प्लिफायर घेऊन आली होती. सासरे म्हणाले, ट्रान्सफॉर्मर गेलाय. ही म्हणाली, गेलेला नाही, आवाज ऐका ना, कुठेतरी टाका सुटलाय. सासऱ्यांना दुकानात उलट बोललेलं खपत नाही. त्यांनी सोल्डरिंग गन तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "बस मग इथे, दाखव!" तिनं दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात ती त्यांच्या हाताखाली शिकायला बसली आणि त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या दिरांच्या गळ्यात माळ घालून मोकळी झाली. दुरुस्तीला आली ती सूनच होऊन राहिली, असं सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे.

आता तारेचं. सोल्डरिंगला, म्हणजे वितळलेल्या तारेचा डाग देऊन भाग जोडायला, खरं तर तीन हात लागतात. एका हातात चिमट्यानं धरलेला बारीक भाग, दुसऱ्या हातात तापलेली गन, आणि वितळवायची ती मऊ चकचकीत तार धरायला तिसरा. तिसरा हात देवानं दिलेला नाही, म्हणून आमच्या दुकानात ती तार दातात धरायची पद्धत. मान खाली घालायची, तारेचं टोक गनच्या टोकाला टेकवायचं, टपकन डाग बसला की मान वर. सासऱ्यांनी ही पद्धत त्यांच्या गुरूकडून उचलली आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला शिकवली. तार दातात धरून गिऱ्हाइकाशी गप्पा मारता आल्या की माणूस तयार झाला, अशी तिथली परीक्षा. धाकटी त्या परीक्षेत पहिल्याच महिन्यात पास. मला हसू यायचं, पण मी कोणत्या तोंडानं हसणार? माझ्या स्वतःच्या ओठात दिवसभर टाचण्या असतात.

तर अशा या धाकटीला दिवस राहिले. घरात आनंदीआनंद. सासूबाईंनी तर तिला जिना उतरायचीही बंदी केली होती, पण ती कसली ऐकतेय! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तब्येत उत्तम आहे, बसून करायचं काम आहे, खुशाल करा. काम म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि हिनंही सांगितलं नाही. "दुकानात बसते," एवढंच म्हणाली. दुकानात तर काय, कापडवालाही बसतो.

तिसरा महिना संपला, मळमळ थांबली, आणि मग पोटानं असहकार पुकारला. पोट साफ होईना. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, न्हाणीघरात बसली की बसली. मधेच पोटात अशी कळ यायची की हातातली गन खाली ठेवून ती टेबलाच्या कडेला घट्ट धरायची. तोंडाची चव गेली. म्हणायची, "ताई, सारखं नाणं चघळतेय असं वाटतं गं." मी म्हटलं, डोहाळे म्हणतात ते हेच. गरोदरपणात पोट बांधलं जातं हे कुणाला माहीत नाही? शेजारीपाजारी, माझी गिऱ्हाइकं, सगळ्यांनी उपाय सांगितले. कोमट पाणी झालं, भिजवलेली फळं झाली, पालेभाज्यांचा नुसता मारा झाला. सासऱ्यांकडे पोट साफ व्हायच्या पावडरीची बरणी कायम असते, ती त्यांनी मोठ्या उदारपणानं पुढे केली, तर सासूबाई अंगावरच धावून गेल्या. "तुमची बरणी तुमच्याजवळ ठेवा!"

मग सासूबाईंना गुन्हेगार सापडला. लोहाच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी पोट बांधलं जातं हे खरंच आहे, डॉक्टरीणबाईच तसं म्हणाल्या होत्या. सासूबाईंनी गोळ्यांचं पाकीट उचललं आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिलं. "चार दिवस थांब, बघ कशी मोकळी होतेस." धाकटी थांबली. चाराचे आठ झाले, आठाचा महिना झाला, मोकळी काही झाली नाही. उलट आता खाल्लं की कळ येते म्हणून तिनं सकाळचं खाणंच टाकलं. नुसता चहा घेऊन खाली यायची आणि रिकाम्या पोटी तार तोंडात धरून बसायची. चेहरा पांढराफटक पडला. दोन जिने चढली की धापा टाकायची. दिरांनी विचारलं तर म्हणायची, होतं असं.

खरं सांगायचं तर पुढे जे घडलं ते हिरड्यांमुळे घडलं. दात घासताना रक्त यायला लागलं, म्हणून मीच तिला ओढत दातांच्या डॉक्टरकडे नेलं. ती नको नको म्हणत होती, पण माझ्यापुढे कुणाचं चालत नाही. दातांची डॉक्टर म्हणजे अगदी पोरसवदा मुलगी, बोलायला लाघवी. तिनं दिवा लावला, आरसा तोंडात घातला आणि एकदम थांबली.

"तुम्ही शिवणकाम करता का?" तिनं धाकटीला विचारलं.

"मी नाही, या करतात," धाकटीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"मग तुमच्या समोरच्या दाताला खाच कशानं पडली? दातानं धागा तोडणाऱ्यांना अशी पडते."

मी लगेच माझं तोंड उघडून दाखवलं. माझ्याही दाताला खाच आहे, चांगली धाग्याएवढी. डॉक्टर हसली. मग धाकटीनं सांगितलं, "माझी तारेची आहे. सोल्डरची तार धरते ना दातात."

त्या मुलीचं हसू जागच्या जागी मावळलं. तिनं आरसा खाली ठेवला. "सोल्डर? त्यात शिसं असतं, माहीत आहे ना?"

"असतं की. कथील आणि शिसं," धाकटी म्हणाली, जणू काही दुकानात गिऱ्हाइकाला सांगतेय.

"पोट कसं आहे तुमचं?"

दातांच्या डॉक्टरनं पोटाचं का विचारावं, असं माझ्या मनात आलं. पण धाकटीनं सगळं सांगितलं. कळा, बांधलेलं पोट, तोंडातली नाण्याची चव. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. ती काही खुळी नाही. बिघाड शोधणं हेच तर तिचं काम. मी बघत होते, खुर्चीत मागे रेललेली असताना तिचा हात आपोआप पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

दातांच्या डॉक्टरनं आमच्यासमोरच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्याच दिवशी रक्त दिलं. रिपोर्ट यायला काही दिवस लागणार होते, आणि ते दिवस आमच्या घरात कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. धाकटी रडली नाही, ओरडली नाही. दुकानात गेली नाही, एवढंच. माझ्या मशीनशेजारी स्टुलावर बसून राहायची. एकदाच म्हणाली, "ताई, त्याला काही झालं तर ते मी भरवलं असेल. माझ्या तोंडानं." मी तिला जवळ घेतलं.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघी गेलो, सासूबाईही हट्टानं आल्या. आकडा जास्त होता. किती ते मी सांगत नाही, कारण ऐकून कुणालाच काही कळणार नाही, आम्हालाही कळलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बघून कळलं.

"आधी एक ऐका," त्या म्हणाल्या. "आकडा वाईट आहे, पण हाताबाहेरचा नाही. आणि अजून वेळ आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी घरच्या माणसासारखं. बाळाची हाडं घडवायची, रक्त करायचं, म्हणून गरोदर बाईचं पोट खाल्लेल्या अन्नातून कॅल्शियम आणि लोह एरवीपेक्षा जास्त ओढून घेतं. शिसं त्यांच्याच दारातून आत घुसतं, पोटाला फरक कळत नाही. पोट रिकामं असेल तर आणखी सहज घुसतं. अंगात लोह कमी असेल तर त्याला मोकळं रानच. आतड्यांची हालचाल मंदावते, कळा येतात, आणि रक्तातून ते बाळापर्यंत पोचतं. बाळाच्या वाढीला, मेंदूला त्याचा धोका असतो. म्हणून आजपासून सोल्डर बंद, धूर बंद. सकाळी भरपेट खायचं. दूध, अंडी, पालेभाज्या. आणि लोहाच्या गोळ्या पुन्हा सुरू.

लोहाच्या गोळ्या म्हटल्याबरोबर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, त्या मीच तर वर ठेवून दिल्या!"

"तुम्ही चांगल्यासाठीच केलंत, आजी. त्यांनी पोट बांधलं जातं हे खोटं नाही. पण या वेळी कारण दुसरं होतं."

त्या आणखीही सांगत होत्या. आपल्या आतड्यात म्हणे चांगल्या जंतूंची वस्ती असते, आणि आई बाळाला जन्म देताना त्यातलं बियाणंही देते. अशा विषारी गोष्टींनी त्या वस्तीचं काय होतं यावर अजून अभ्यास चालू आहे. मी म्हटलं, म्हणजे नाक बापाचं आलं तरी पोट आईचंच. तेव्हा धाकटी पहिल्यांदा जराशी हसली.

उठताना सासूबाईंनी विचारलं. खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या, आवाज अगदी साधा. "डॉक्टर, पूर्वी एखादीनं ही तार दातानं तोडली असेल, रोज, आणि तिची मुलं पोटातच गेली असतील, तर ते यानं झालं असेल का?"

डॉक्टरीणबाईंनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला. "आज नक्की सांगता येणार नाही, आजी. इतरही कारणं असतात. पण यानं होऊ शकतं, हे खरं आहे."

सासूबाईंनी मान हलवली आणि चपला घालायला लागल्या.

घरी आलो तर सासरे दुकानात तार दातात धरून बसलेले. धाकटीनं आकडा सांगितला. त्यांनी तार काढली, पण ऐकून घेतील तर शपथ! "डॉक्टर लोकांना काहीतरी सांगायला हवंच असतं. माझं सगळं आयुष्य गेलं या टेबलावर. माझ्या गुरूचं गेलं. आम्हाला काय झालं? बोला ना, मला काय झालंय?"

माझ्यानं राहवलं नाही. "बाबा, तुम्हाला काय झालंय ते आम्ही रोज सकाळी न्हाणीघराबाहेर रांग लावून बघतोच की!"

खोटं नव्हतं ते. सासरे सकाळी आत गेले की बाहेर कुणाचा चहा होतो, कुणाची अंघोळ खोळंबते, दिरांची व्हॅन उशिरा निघते. घरातला तो कायमचा विनोद. आणि ती पावडरीची बरणी, आणि जेवताना अचानक पोट धरून थांबणं, आणि मग उगाच कुणावर तरी खेकसणं. आम्ही त्याला त्यांचा स्वभाव म्हणत आलो. सासरे लालबुंद झाले. मला वाटलं आता माझी काही धडगत नाही.

पण बोलल्या त्या सासूबाई. जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या.

"तुम्हाला काही झालं नाही. मला झालं. दोनदा."

ही गोष्ट मला अर्धवटच ठाऊक होती. लग्नानंतर सुरुवातीला दुकानात हे दोघंच असायचे. सासरे सोल्डरिंग करायचे आणि सासूबाई तारेचे तुकडे दातानं तोडून त्यांच्या हातात द्यायच्या. त्या दिवसांत दोन मुलं पोटातच गेली. लोक म्हणाले, बाईची प्रकृतीच नाजूक. सासूबाईंच्या सासूनं तर त्यांना काय काय ऐकवलं, ते त्या कधी पूर्ण सांगत नाहीत. मग त्यांनी दुकान सोडलं, वर स्वयंपाकघरात राहिल्या, आणि आमचे हे आणि दीर झाले. लोकांनी म्हटलं, बाई घरात बसली, जिवाला आराम पडला, म्हणून झालं.

"डॉक्टर म्हणाली, नक्की सांगता येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण मी आजवर नक्कीच समजत होते. माझ्यातच काहीतरी खोट आहे, असं." आणि वर निघून गेल्या.

सासऱ्यांनी हातातली तार टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. मी आणि धाकटी आत आलो. त्या दिवशी ते दार मी पहिल्यांदा ओढून घेतलं, पुरतं लागलं नाही, अडकलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं नाही. सासऱ्यांनी बाही दुमडली, बादलीभर साबणाचं पाणी घेतलं आणि टेबल, फळ्या, खणाच्या कडा, जमीन, सगळं ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, केरसुणी लावायची नाही, धूळ उडते. ज्या माणसानं आयुष्यात चहाची बशी उचलून ठेवली नाही, तो गुडघ्यावर बसून फरशी पुसत होता. सासूबाई जिन्यातून बघून गेल्या. पण दुपारी त्यांच्यासाठी कोरडी फडकी घेऊन खाली आल्या, आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो राहिलाय." माझ्या जिवाला जरा बरं वाटलं.

मग घरात नवे नियम सुरू झाले. दुकानातले कपडे दुकानातच. हात धुतल्याशिवाय कुणी कपाला शिवायचं नाही. मधल्या दाराला नवीन कडी बसली. शिसं नसलेली तार मागवली. तिला जास्त ताप लागतो आणि डाग तेवढा चमकत नाही, म्हणून सासरे पहिले काही दिवस प्रत्येक डागाला शिव्या घालत होते. तार धरायला धाकटीनं त्यांना टेबलाच्या कडेला एक वाकणारी दांडी बसवून दिली, टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा. म्हणजे तिनं स्वतः हात लावला नाही. माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहून हुकूम सोडत होती आणि सासरे करत होते. "डावीकडे, बाबा. डावीकडे म्हणजे तुमची डावी!" एवढं ऐकून घेणारे सासरे मी आधी पाहिले नव्हते.

सवय मात्र भलती वाईट. सासऱ्यांचं तोंड तारेकडे आपोआप वळायचं. मग दिरांनी शक्कल काढली, तोंडात बडीशेप ठेवायची. इकडून मी ओरडायची, "बाबा, बडीशेप!" येणाऱ्या गिऱ्हाइकांना वाटायचं, या घरात बडीशेपेला फारच मान दिसतो.

धाकटीला काम बंद झाल्याचं दुःख होतं, ते तिनं लपवलं नाही. रागवायची, माझ्या शिवणातल्या चुका काढायची. एकदा तर माझ्या मशीनचा आवाज ऐकून म्हणाली, हिचं शटल घासतंय, आणि मशीन सगळी खोलून ठेवली. पण खात होती. सकाळी दूध, अंडं, दोन घास पोटात गेल्याशिवाय सासूबाई तिला उठू द्यायच्या नाहीत. लोहाच्या गोळीबरोबर पोट सैल राहायचं औषधही डॉक्टरीणबाईंनी दिलं होतं. आणि हळूहळू कळा कमी झाल्या. एका सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "झालं!" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "नीट?" ती म्हणाली, "अगदी नीट!" दीर चहा पिता पिता टाळ्या वाजवायला लागले. बाहेरच्या माणसानं ऐकलं असतं तर आम्हाला वेड्यात काढलं असतं. पण आमच्या घरात तेव्हा याच्याइतकी मोठी बातमी दुसरी नव्हती.

पुढच्या तपासणीत आकडा उतरला. त्याच्या पुढच्यात आणखी उतरला. सासऱ्यांनाही रक्त द्यायला लावलं. त्यांचा आकडा धाकटीपेक्षाही वर निघाला. घरी येऊन म्हणाले, "शाळेत कधी पहिला आलो नाही, इथे आलो!" हसले, पण त्या दिवशी जेवले नाहीत. डॉक्टरनं सांगितलेलं सगळं मुकाट्यानं करायला लागले. पावडरीची बरणी कधी रिकामी झाली आणि पुन्हा भरली गेली नाही, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तरी शेवटपर्यंत धाकटीच्या मनातला घोर गेला नव्हता. आईचं रक्त उतरलं, पण आधीच आत गेलं त्याचं काय? डॉक्टरीणबाई म्हणायच्या, बाळ जन्मलं की नाळेतलं रक्त तपासू, तेव्हा कळेल. तोवर वाट बघणं. बाळानं लाथ मारली की ती हसायची आणि लगेच गप्प व्हायची.

मुलगी झाली. वेळेवर झाली, वजन चांगलं, आवाज असा की सगळा वॉर्ड जागा. नाळेचं रक्त तपासायला गेलं. आणि मग दुसरीच काळजी सुरू झाली. बाळ दूध पीत होतं, पण शी करेना. संध्याकाळ गेली, सकाळ झाली. सिस्टर येऊन विचारायची, "केली?" आम्ही म्हणायचो, "नाही." सिस्टर म्हणायची, काळजी करू नका, करेल. पण आमच्यासारख्यांना कसली काळजी करू नका सांगतेय! धाकटीचा चेहरा पुन्हा तसाच झाला, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत झाला होता तसा. "माझ्यासारखंच झालंय तिचं पोट," ती पुटपुटली. दिरांनी तिचा हात धरला.

दुपारी सासरे आले. धुतलेला पांढरा शर्ट, हात कोपरापर्यंत घासून लाल केलेले. नातीला पहिल्यांदाच मांडीवर घेतलं. तिच्याकडे बघत काहीतरी बोबडं बोलत होते, आणि एकदम त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे देवा! अगं, हे काय! काळं! काळं कुळकुळीत आहे गं! सिस्टर! शिसं! शिसं पडतंय हिच्या पोटातून!"

सिस्टर धावत आली, बघितलं आणि हसून हसून कॉटचा दांडा धरून उभी राहिली. "आजोबा, पहिली शी काळीच असते सगळ्या बाळांची! नऊ महिन्यांचं साठलेलं असतं. छान झाली, एकदम छान झाली." शर्टावर, पायजम्यावर, सगळीकडे तो डांबरासारखा चिकट काळा रंग. सासरे तसेच बसून राहिले, बाळाला जराही न हलवता. "राहू दे," म्हणाले, "होऊ दे तिला पोटभर." धाकटी हसत होती आणि रडत होती, आणि मी पण, आणि शेजारच्या कॉटवरची बाई उगाचच आमच्याबरोबर.

घरी जायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नाळेच्या रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन आम्हाला सगळ्यांनाच आत बोलावलं. धाकटी बाळाला घेऊन बसली, बाकीचे उभे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आकडा खूप कमी आहे. अधूनमधून तपासत राहू, पण आज काळजी करण्यासारखं काही नाही. वेळेत थांबलात तुम्ही."

धाकटीनं डोळे मिटले आणि बाळाच्या डोक्यावर गाल टेकवला. दिरांनी हुश्श केलं. आणि सासूबाई, ज्यांना मी आजवर डोळ्याला पदर लावताना पाहिलं नव्हतं, त्या मोठ्यानं रडायला लागल्या. अगदी हुंदके देऊन. थांबता थांबेनात.

डॉक्टरीणबाई घाबरल्या. त्यांना वाटलं, आजींना उलटंच ऐकू आलं. "आजी, अहो रिपोर्ट चांगला आहे! बाळ चांगलं आहे!"

"कळलं मला," सासूबाई कशाबशा म्हणाल्या. "चांगली आहे ती. माझी ती दोघंही चांगलीच असणार हो. माझ्यात काही खोट नव्हती."

सासरे त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. सगळ्यांच्या देखत, डॉक्टरच्या देखत, त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. असं काही त्यांनी आमच्यासमोर कधी केलेलं नव्हतं. "नव्हती," ते म्हणाले. "कधीच नव्हती."